गुन्ह्याचा शोध आणि नागरिकाचे कर्तव्य



पहाटेच्या अथवा सायंकाळच्या मोकळ्या हवेत चालण्याचा, धावण्याचा परिपाठ आता मोठ्या शहरांपुरता उरलेला नाही. मिरामारच्या किनाऱ्यावर जसे लोक धावताना दिसतात, तसेच ते तालुक्याच्या क्रीडांगणावर आणि खेड्यातील डांबरी रस्त्यावरही दिसतात. या व्यायामाला खर्च नाही आणि सोबत्याचीही गरज नाही. परंतु जी गोष्ट सोयीची, तीच कधी कधी घाताची ठरते. धावणारा मनुष्य बहुधा एकटा असतो, ठरलेल्या वेळी ठरलेल्या वाटेने जातो आणि त्याचे लक्ष आपल्या श्वासाकडे व पावलांकडे असते. अशा निरुपद्रवी माणसाचा वाटेत खून झाला, म्हणजे सारा समाज हादरून जातो. कारण त्याच्या जागी आपल्या घरचे कोणी असते तर, हा विचार प्रत्येकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

खुनी सापडला, तर ही अस्वस्थता यथावकाश शमते. तो सापडला नाही, तर जो तो आपापल्या परीने तपास करू लागतो. पूर्वी हा तपास देवळाच्या पारावर किंवा चहाच्या दुकानात चाले आणि तेथेच संपे. आता तो मोबाईलवर आणि इंटरनेटवर चालतो. एकमेकांची तोंडओळखही नसलेली हजारो माणसे एकत्र येऊन घटनास्थळाचे नकाशे काढतात, छायाचित्रे मोठी करून पाहतात, वेळा जुळवितात आणि अखेर संशयिताचे नाव घेतात. पाश्चात्त्य देशांत अशा हौशी शोधकांची मोठमोठी मंडळे आहेत. त्यांपैकी ‘वेबस्लूथ्स’ नावाचे मंडळ १९९९ पासून चालू आहे.

या हौशी शोधामुळे न्यायाला साहाय्य होते की अडथळा होतो, हा या विवेचनाचा विषय आहे. प्रश्न दूरदेशीचा वाटला, तरी तो दूरदेशीचा नाही. ज्या घरात मोबाईल आहे, त्या घरापर्यंत तो येऊन पोहोचलेला आहे.

शोध घेण्याची ही हौस मुळात वाईट नव्हे. मराठी वाचकाला तर ती चांगलीच परिचयाची आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांचे झुंजार, धनंजय, काळा पहाड हे नायक घरोघरी पोहोचले. ग्रंथालयातून पुस्तक आणावे, शेवटचे पान येण्यापूर्वीच गुन्हेगार ओळखावा आणि आपला तर्क खरा ठरला म्हणजे स्वतःवर खूश व्हावे, हा आनंद पिढ्यान्‌पिढ्या वाचकांनी घेतलेला आहे. मात्र रहस्यकथेत एक सोय असते. गुन्हेगार कोण, हे लेखकाला ठाऊक असते आणि उकलीला लागणारे सारे धागे त्याने पुस्तकातच ठेवलेले असतात. प्रत्यक्ष गुन्ह्यात अशी हमी कोणीही दिलेली नसते. काही धागे कोणाच्या हाती लागलेलेच नसतात, काही नष्ट झालेले असतात आणि काहींचा गुन्ह्याशी मुळीच संबंध नसतो. शिवाय पुस्तकात तर्क चुकला, तर कोणाचे काही बिघडत नाही. प्रत्यक्षात तर्क चुकला, तर एखाद्या जिवंत माणसाचा संसार उद्ध्वस्त होतो.

वॉशिंग्टनच्या उद्यानातील खून

याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेच्या राजधानीत घडले. वॉशिंग्टन शहराच्या मध्यभागी रॉक क्रीक पार्क नावाचे सतराशे एकरांहून मोठे वनोद्यान आहे. १८९० मध्ये कायदा करून ते राखण्यात आले. दाट झाडी, ओढा आणि चढउताराच्या पायवाटा असलेले हे उद्यान धावणाऱ्यांचे आवडते ठिकाण आहे. २००१ च्या मे महिन्याच्या आरंभी कॅलिफोर्नियातील मोडेस्टो गावची चोवीस वर्षांची एक तरुणी वॉशिंग्टनमधून नाहीशी झाली. केंद्र सरकारच्या तुरुंग विभागातील उमेदवारी संपवून ती घरी परतण्याच्या तयारीत होती. तिचे पैशांचे पाकीट आणि इतर सामान खोलीतच होते.

लवकरच एक वार्ता पसरली. तिच्या मतदारसंघाचे अमेरिकन काँग्रेसमधील प्रतिनिधी गॅरी कॉन्डिट यांच्याशी तिचे निकटचे संबंध होते, अशी ती वार्ता होती. ‘कॉन्डिट हे संशयित नाहीत’, असे पोलीस पुनःपुन्हा सांगत राहिले. परंतु ते ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. दूरचित्रवाणीच्या वाहिन्या, वृत्तपत्रे आणि तेव्हा नुकतीच बाळसे धरू लागलेली इंटरनेटवरील चर्चामंडळे यांचा सारा उन्हाळा याच एका विषयात गेला. २३ ऑगस्ट २००१ रोजी कॉन्डिट यांनी दूरचित्रवाणीवर मुलाखत दिली. ती सुमारे २ कोटी ४० लाख लोकांनी पाहिली. त्या संबंधांविषयी थेट उत्तर देण्याचे त्यांनी टाळले आणि लोकांनी त्यांच्या मौनावरून निष्कर्ष काढला. पुढे मार्च २००२ मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांचा पराभव होऊन त्यांचे राजकीय जीवन संपुष्टात आले. वैयक्तिक वर्तनाबद्दल त्यांना जाब विचारण्याचा अधिकार मतदारांना होता, यात शंका नाही. पण वर्तनाचा दोष म्हणजे खुनाचा पुरावा नव्हे. हा भेद त्या कोलाहलात पुसला गेला.

साऱ्या देशाचे डोळे एका माणसाच्या चेहऱ्यावर खिळलेले असताना तपासातील मूलभूत गोष्टी मात्र निसटत होत्या. ती राहत असलेल्या इमारतीतील कॅमेऱ्याच्या फिती पोलिसांनी वेळेवर ताब्यात घेतल्या नाहीत. ठरावीक दिवसांनी त्यांच्यावर नवे चित्रण होत असल्याने जुने पुसून गेले. तिचा संगणक तज्ज्ञाऐवजी त्या कामाचे प्रशिक्षण नसलेल्या अधिकाऱ्याने हाताळला, त्यामुळे त्यातील नोंदी विस्कळीत झाल्या आणि त्या पुन्हा जुळविण्यात महिना गेला. त्या नोंदींतून तिने रॉक क्रीक पार्कमधील एका वास्तूची माहिती पाहिली होती, असे निष्पन्न झाले. जुलैमध्ये उद्यानाची झडती घेण्यात आली. रस्ते आणि पायवाटा या दोन्हींच्या कडेने शंभर यार्डांपर्यंत शोध घ्यावा, असा वरिष्ठांचा आदेश होता. तो खाली पोहोचेपर्यंत त्यातील पायवाटा गळल्या आणि केवळ रस्त्यांच्या कडा धुंडाळल्या गेल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी ही स्थिती झाली.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क व वॉशिंग्टनवर दहशतवादी हल्ले झाले आणि त्या तरुणीचा विषय एका दिवसात सर्वांच्या विस्मरणात गेला. तिच्या आईवडिलांना मात्र तो विसरता येणे शक्य नव्हते. अखेर २२ मे २००२ रोजी, म्हणजे एका वर्षाहून अधिक काळाने, कुत्र्याला घेऊन त्या उद्यानात कासवांच्या शोधात फिरणाऱ्या एका गृहस्थाला पायवाटेच्या उतारावर, पालापाचोळ्यात, मानवी कवटी दिसली. त्याने पोलिसांना कळविले. तो काही गुप्तहेर नव्हता आणि त्याच्यापाशी कोणताही सिद्धान्त नव्हता. त्याने जे पाहिले, ते योग्य ठिकाणी सांगितले, एवढेच. हजारो तर्कांनी जे साधले नाही, ते त्या एका साध्या कृतीने साधले. मृतदेहाजवळ तिचे धावण्याच्या वेळचे कपडे आणि संगीत ऐकण्याचे यंत्र मिळाले. तेव्हा ती त्या वाटेने व्यायामासाठी गेली असावी, असा तर्क दृढ झाला.

त्याच उद्यानात २००१ च्या मे आणि जुलै महिन्यांत धावणाऱ्या दोन स्त्रियांवर हल्ले झाले होते आणि त्याबद्दल एका तरुणाला शिक्षाही झाली होती. पुढे २००९ मध्ये त्याच्यावर या खुनाचा आरोप ठेवण्यात आला. डीएनएचा पुरावा नव्हता व प्रत्यक्षदर्शी साक्षीदारही नव्हता. तुरुंगातील एका सहकैद्याच्या साक्षीवर मुख्य भिस्त होती. २०१० मध्ये ज्यूरीने त्याला दोषी ठरविले आणि २०११ मध्ये साठ वर्षांची शिक्षा झाली. परंतु त्या सहकैद्याच्या विश्वासार्हतेविषयी गंभीर प्रश्न उपस्थित झाले. २०१५ मध्ये फेरखटल्याचा आदेश झाला आणि जुलै २०१६ मध्ये सरकार पक्षानेच आरोप मागे घेतले. अशा रीतीने तो खून कायद्याच्या दृष्टीने अनुत्तरितच राहिला. आरंभीच्या आठवड्यांत जो पुरावा निसटला, तो पंधरा वर्षांच्या चर्चेने परत आला नाही.

निश्चयाची घाई

लोकांचा निश्चय किती चुकीचा ठरू शकतो, हे इंटरनेटच्या प्रसारापूर्वीही दिसून आले होते. १९ एप्रिल १९८९ च्या रात्री न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावायला गेलेल्या एका स्त्रीवर अमानुष अत्याचार झाला. ती बारा दिवस बेशुद्ध होती, सुदैवाने वाचली. पोलिसांनी चौदा ते सोळा वर्षे वयाच्या पाच मुलांना पकडले. वृत्तपत्रांनी त्यांना लांडग्यांच्या कळपाची उपमा दिली. दीर्घ चौकशीनंतर त्यांच्यापैकी चौघांचे कबुलीजबाब चित्रित करण्यात आले. घटनास्थळी मिळालेला डीएनए त्या पाचांपैकी एकाचाही नव्हता. तरीही १९९० मध्ये ते दोषी ठरले. २००२ मध्ये अन्य गुन्ह्यांसाठी तुरुंगात असलेल्या एका कैद्याने आपण एकट्याने ते कृत्य केल्याचे सांगितले आणि डीएनए त्याच्याशी तंतोतंत जुळला. १९ डिसेंबर २००२ रोजी पाचही जणांची दोषसिद्धी रद्द झाली. २०१४ मध्ये शहराने त्यांना सुमारे ४ कोटी १० लाख डॉलर देऊन दावा मिटविला. पण तुरुंगात गेलेली कोवळी वर्षे कोणत्याही रकमेने भरून येत नाहीत. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. निरपराध मुले गजाआड गेली, तेव्हा खरा गुन्हेगार मोकळा होता आणि त्याने त्या उन्हाळ्यात आणखी गुन्हे केले.

इंटरनेटने या घाईला वेग दिला. १५ एप्रिल २०१३ रोजी बोस्टनच्या मॅरेथॉन शर्यतीच्या अंतिम रेषेजवळ दोन बॉम्बस्फोट झाले. तीन माणसे मरण पावली आणि शेकडो जखमी झाली. शर्यतीची असंख्य छायाचित्रे उपलब्ध होती. ‘रेडिट’ या संकेतस्थळावर हजारो हौशी शोधकांनी ती चाळण्यास प्रारंभ केला. कोणाच्या पाठीवरील पिशवी जड दिसते, कोण कोणत्या दिशेला पाहत आहे, यावरून संशयित ठरू लागले. एका वृत्तपत्राने तर दोन निरपराध तरुणांचे छायाचित्र पहिल्या पानावर छापले. त्यांच्यापैकी एक जण शाळेच्या संघातून धावणारा मुलगा होता. याच सुमारास भारतीय वंशाचा एक महाविद्यालयीन विद्यार्थी महिनाभरापासून बेपत्ता होता. केवळ चेहऱ्याच्या कथित साम्यावरून त्याला बॉम्ब ठेवणारा ठरविण्यात आले. हरवलेल्या मुलाच्या शोधासाठी घरच्यांनी उघडलेल्या पानावर शिव्याशापांचा भडिमार झाला. काही दिवसांनी नदीत त्याचे प्रेत सापडले. तो स्फोटांपूर्वीच मरण पावला होता. २२ एप्रिल २०१३ रोजी संकेतस्थळाच्या व्यवस्थापकांनी जाहीर क्षमायाचना केली. आधीच मुलाच्या चिंतेने खचलेल्या त्या आईवडिलांना या शोधाने काय दिले, याचा विचार प्रत्येकाने स्वतःशी करावा.

तर्क का चुकतो?

हौशी शोधक बुद्धीने कमी असतात, असे मुळीच नाही. त्यांच्यात शिक्षक असतात, अभियंते असतात, परिचारिका असतात. चूक होते ती वेगळ्या कारणांनी.

पहिले कारण असे की, त्यांना प्रकरणाचा फक्त उघड झालेला भाग दिसतो. तपास अधिकारी काही तपशील हेतुपुरस्सर गुप्त ठेवतात. जखम नेमकी कोठे होती, कोणती वस्तू नाहीशी झाली, या गोष्टी केवळ खऱ्या गुन्हेगारालाच ठाऊक असाव्यात, म्हणजे उद्या कोणी खोटी कबुली दिली तर ती ओळखता येते. जो तपशील गावभर झाला, त्याचा कसोटी म्हणून उपयोग संपला.

दुसरे कारण असे की, माणसाच्या वागण्यावरून अपराध वाचता येतो, हा समज निराधार आहे. दुःखात कोणी रडतो, कोणी दगडासारखा बसतो, कोणी असंबद्ध बोलतो. निरपराध मनुष्यही घाबरून खोटे बोलतो, कारण त्याला दुसरेच काही लपवायचे असते.

तिसरे कारण असे की, एकदा नाव मनात बसले, म्हणजे पुढची प्रत्येक गोष्ट त्याच नावाला पुष्टी देणारी वाटू लागते. जे जुळत नाही, ते दृष्टीआड होते. पोलिसांचीही अशी चूक होते. म्हणूनच त्यांच्या कामावर न्यायालयाची देखरेख असते. समूहाच्या तर्कावर मात्र कोणाचीच देखरेख नसते.

चौथे कारण प्रत्यक्ष हानीचे आहे. संशयिताला साक्षीदाराने ओळखावे, यासाठी ओळख परेड घेतली जाते. संशयिताचे छायाचित्र आधीच हजारो मोबाईलवर फिरलेले असले, तर ‘साक्षीदाराने ओळखले ते घटनेच्या आठवणीवरून की मोबाईलवरील चित्रावरून?’ असा प्रश्न बचाव पक्ष उपस्थित करतो आणि तो रास्तच असतो. म्हणजे खरा गुन्हेगार पकडला गेला असला, तरी उतावळ्या प्रसिद्धीमुळे तो सुटण्याची शक्यता वाढते.

साहाय्य कसे घडते?

याचा अर्थ सामान्य नागरिकाने तपासाकडे पाठ फिरवावी, असा नव्हे. अमेरिकेतील केंटकी राज्यात मे १९६८ मध्ये तंबूच्या कापडात गुंडाळलेले एका तरुण स्त्रीचे प्रेत सापडले. ओळख न पटल्यामुळे ‘तंबूतील मुलगी’ असेच तिच्या थडग्यावर कोरले गेले. ज्याला ते प्रेत सापडले होते, त्याचा जावई टॉड मॅथ्यूज हा कारखान्यात काम करणारा साधा तरुण. त्याने वर्षानुवर्षे बेपत्ता व्यक्तींच्या याद्या चाळल्या. १९९८ मध्ये त्याला इंटरनेटवर एका स्त्रीने हरवलेल्या बहिणीविषयी दिलेले निवेदन दिसले. वर्णन जुळत होते. त्याने कोणावर खुनाचा आरोप केला नाही. त्याने त्या कुटुंबाशी आणि अधिकाऱ्यांशी संपर्क साधला, प्रेत उकरून डीएनए तपासण्यात आला आणि तीस वर्षांनी त्या मुलीला तिचे नाव परत मिळाले. पुढे मॅथ्यूज यांना बेपत्ता व अनोळखी व्यक्तींच्या राष्ट्रीय नोंदवहीच्या कामात जबाबदारीचे स्थान मिळाले. येथे हौस होती, चिकाटी होती आणि त्याबरोबरच मर्यादेची जाणीवही होती. त्यांनी जुळणी केली. निर्णय मात्र शास्त्रावर सोपविला.

आपल्या शेजारच्या महाराष्ट्रातील उदाहरण तर अधिक जवळचे आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर, फेरफटका मारण्यास निघालेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची गोळ्या झाडून हत्या झाली. तपास अनेक वर्षे रेंगाळला. त्या काळात तर्कवितर्कांना ऊत आला होता. अखेर १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेपेची शिक्षा दिली आणि तिघांना पुराव्याअभावी मुक्त केले. या खटल्यात महत्त्वाची साक्ष कोणाची होती? त्या सकाळी पुलाजवळ आपले नेहमीचे काम करणाऱ्या महापालिकेच्या एका सफाई कर्मचाऱ्याची आणि आपल्या घराच्या सज्जातून ते दृश्य पाहणाऱ्या एका नागरिकाची. त्यांनी सिद्धान्त मांडले नाहीत. डोळ्यांनी पाहिले ते सांगितले आणि वर्षे लोटल्यावरही न्यायालयात उभे राहून तेच सांगितले. हातात झाडू घेतलेल्या माणसाचे असे धैर्य हजारो अनामिक संदेशांपेक्षा मोलाचे असते.

अफवेचा शेवट

याच्या उलट टोकाला काय घडते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१८ मध्ये मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत आहेत, असे संदेश मोबाईलवरून देशभर पसरले. पाठविणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हेतू शेजाऱ्याला सावध करण्याचाच असावा. आपणही एक प्रकारे पहारा देत आहोत, शोध घेत आहोत, असेच त्यांना वाटत होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांवर जमावाने संशय घेतला. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन, तेथेच मारहाण करून ठार करण्यात आले. ते बहुतांशी सोलापूर जिल्ह्यातले, मराठी बोलणारे, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षेसाठी भटकणारे लोक होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण त्या दिवशी अक्षरशः खरी झाली. आणि या प्रसंगी तर चोर मुळात नव्हताच. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसाचाराविरुद्ध राज्यांना सविस्तर निर्देश दिले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांच्या गटाने वंश, जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून केलेल्या खुनासाठी जन्मठेपेची अथवा मृत्युदंडाची स्वतंत्र तरतूद आहे.

माध्यमांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी महत्त्वाचा निर्णय दिला. एका प्रसिद्ध चित्रपट अभिनेत्याच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी चालविलेल्या प्रचारासंबंधीच्या या निर्णयात, तपास चालू असताना समांतर खटला चालविल्याने न्यायदानात अडथळा येतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. घटनेचे काल्पनिक चित्रण करणे किंवा आरोपीचा कथित कबुलीजबाब पुरावा म्हणून दाखविणे माध्यमांनी टाळावे, असेही सांगितले. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्या कायद्याने आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून मानला जात नाही. न्यूयॉर्कच्या त्या पाच मुलांची कथा ऐकल्यावर या नियमाचे शहाणपण वेगळे सांगावयास नको.

नागरिकाने काय करावे?

गुन्हा घडल्याचे दिसताच ११२ या क्रमांकावर कळवावे. घटनास्थळी गर्दी करू नये, कोणत्याही वस्तूला हात लावू नये, पावलांच्या खुणा तुडवू नयेत. आपण काय पाहिले, किती वाजता आणि किती अंतरावरून, हे त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवावे. कारण इतरांचे बोलणे कानावर पडत गेले, म्हणजे आपली आठवणही त्यांच्या रंगात रंगते.

दुकानदारांनी आणि गृहनिर्माण संस्थांनी आपल्या कॅमेऱ्यातील चित्रण पुसले जाण्यापूर्वी ते जपून ठेवल्याचे पोलिसांना कळवावे. वॉशिंग्टनमध्ये हीच गोष्ट राहून गेली. मोबाईलवर काही टिपले गेले असल्यास ते कापू नये, त्यावर काही लिहू नये, मूळ फोन तसाच राखावा. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात मांडताना कायद्याने प्रमाणपत्र लागते. हातोहात फिरून आलेली प्रत कोठून आली, याची खात्री कोण देणार?

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते आणि खबर देणाऱ्याला तिची प्रत विनामूल्य मिळते. तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळविण्याचे बंधन पोलिसांवर आहे. स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुले आणि साठ वर्षांवरील व्यक्ती यांना जबाबासाठी ठाण्यावर येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या निवासस्थानी जावयाचे असते. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केलेली आहे. हे अधिकार गावोगावी माहीत झाले, तर ‘कोर्टकचेरीच्या भानगडीत कशाला पडा’ ही वृत्ती कमी होईल.

अधिकाऱ्यांच्या माथीही जबाबदारी आहे. तपासाविषयी अधिकृत माहिती वेळेवर आणि स्पष्ट शब्दांत मिळाली नाही, तर ती पोकळी अफवा भरून काढते. लोकांनी गप्प राहावे अशी अपेक्षा करावयाची आणि त्यांनी दिलेली माहितीही नोंदवून घ्यावयाची नाही, हे चालणार नाही. नागरिक सांगावयास आला, तर त्याला बसवून घेऊन ऐकणे हा तपासाचाच भाग आहे.

शिक्षकांना या कामी मोठी संधी आहे. वर्गात मुलांना एखादे चित्र क्षणभर दाखवून नंतर प्रश्न विचारावेत. किती जणांना काय दिसले आणि न दिसलेले काय काय दिसल्यासारखे वाटले, हे मुलांना स्वतःच उमगेल. त्या एका तासिकेत पाहणे, ऐकणे आणि अनुमान करणे यांतील भेद जसा ठसेल, तसा तो उपदेशाने ठसणार नाही. हीच मुले घरी जाऊन मोबाईलवरील संदेशाविषयी वडीलधाऱ्यांना विचारतील, ‘हे पाठविणाऱ्याने स्वतः पाहिले आहे का?’

न सुटलेल्या खुनाविषयी हळहळ वाटणे हे माणुसकीचे लक्षण आहे. ती हळहळ नाहीशी होऊ नये. ज्या आईवडिलांचे मूल धावायला गेले आणि परत आले नाही, त्यांना समाजाची आठवण हवी असते, पाठपुरावा हवा असतो. मात्र त्यांना उत्तर हवे असते ते खरे. खोटे उत्तर त्यांची वेदना मिटवीत नाही. उलट दुसऱ्या एका घरात तशीच वेदना निर्माण करते. म्हणून पाहिलेले निर्भयपणे सांगावे, नुसते वाटलेले आवरून धरावे, आणि दोषी कोण हे ठरविण्याचे काम पुराव्यावर व न्यायासनावर सोपवावे. एवढा विवेक प्रत्येक गावाने बाळगला, तर खुनी सुटण्याच्या वाटा अरुंद होतील आणि संन्याशाच्या गळ्यात फास पडणार नाही.